वर-खाली करणारा पोट्टा

‘माहं नाव त्याच्या खाली काहून?’ हा प्रश्न वऱ्हाडात नवा नाही. लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांच्या ओळीवरून तो विचारला गेला आहे, फ्लेक्सवरच्या फोटोंच्या आकारावरून विचारला गेला आहे, आणि पंगतीत आधी कोणाच्या पत्रावळीवर वाढलं यावरून तर पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. नवं एवढंच, की आता हा प्रश्न कोणाला विचारायचा ते ठरून गेलं आहे. रिसोड तालुक्यातलं केनवड घ्या, नाहीतर तिथून निघून वाटेत लागेल ते पहिलं मोठं गाव घ्या. एखाद्या गाळ्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन, अंगठा घ्यायचं यंत्र आणि या सगळ्यांच्या मागे पंचविशी-तिशीतला एक पोट्टा बसलेला असतो. त्याला ऑनलाइनवाला म्हणतात. सातबारा तो काढून देतो, पीक विमा तो भरतो, २०२४ च्या पावसाळ्यात लाडक्या बहिणींची रांग त्याच्याच दारात लागली होती. ‘सर्व्हर डाऊन हाय’ हे वाक्य तो इतक्या निर्विकारपणे उच्चारतो, की ऐकणाऱ्याला ती तिथी किंवा नक्षत्र असावं असं वाटतं. पण हा झाला त्याचा पोटापाण्याचा धंदा. त्याच्या डोक्याला खरा ताप देतो तो जोडधंदा. तो गावासाठी वेबसाइटी बनवतो, आणि वेबसाइट आली की यादी आली, यादी आली की वर कोण आणि खाली कोण हे आलंच.

त्याची वेबसाइट म्हणजे वर्डप्रेस. मॅट मलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ साली सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते, यूट्यूब पाहून शिकता येते आणि तिच्यात मराठी लिहिता येतं. केनवडच्या पोट्ट्याला जगातल्या कोणत्याही कंपनीच्या बरोबरीनं बसवायला एवढ्या तीन गोष्टी पुरतात. या प्रणालीत प्रत्येक नोंदीला ‘पोस्ट’ म्हणतात. पोस्टचं नाव, मजकूर आणि तारीख यांना स्वतःचे खण आहेत. बाकीचं सगळं, म्हणजे देणगी किती, उंची किती, एकर किती, सोयाबीनचा भाव किती, हे ज्यात भरायचं त्याला ‘कस्टम फील्ड’ म्हणतात. ते सगळं एकाच तक्त्यात जाऊन पडतं. त्या तक्त्याला चारच रकाने: चिठ्ठीचा नंबर, पोस्टचा नंबर, गोष्टीचं नाव आणि गोष्टीची किंमत. हा शेवटचा रकाना मोठा उदार आहे. त्यात आकडा मावतो, तारीख मावते, अख्खी कादंबरीही मावते. पण त्याच्या लेखी हे सगळं अक्षरंच. गव्हाचं पोतं, खताचं पोतं आणि कपड्यांचं गाठोडं एकाच खोलीत टाकून वर सगळ्यांवर ‘सामान’ अशी एकच चिठ्ठी लावावी, तसा हा प्रकार. सामान शोधेपर्यंत चालतं. क्रमानं लावा म्हटलं की खोलीतली माणसं घामाघूम होतात.

समजा, गावात अखंड हरिनाम सप्ताह आहे आणि समितीनं ठरवलं, की यंदा देणगीदारांची यादी वेबसाइटवर टाकायची, म्हणजे पुण्या-मुंबईला गेलेली पोरंही पाहतील. देणग्या नेहमीच्याच: ११, ५१, १०१, २५१, ५०१, १००१, ५००१ आणि एका मोठ्या घरच्या ११०००. पोट्ट्यानं मशीनला सांगितलं, देणगीच्या रकान्याप्रमाणे लाव, मोठी आधी. मशीननं लावली. पहिला आला ५१ वाला. त्याच्याखाली ५०१, त्याच्याखाली ५००१. मग २५१. मग ११०००, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून ११. मग १०१. तळाला १००१. यात मशीनचं काही चुकलेलं नाही. रकाना अक्षरांचा, म्हणून त्यानं आकडे शब्दकोशातल्या शब्दांसारखे लावले: आधी पहिलं अक्षर पाहायचं, ते सारखं असेल तर दुसरं, शब्द किती लांब याच्याशी मतलब नाही. पाचानं सुरू होणारे सगळे एका गल्लीत, एकानं सुरू होणारे दुसऱ्या गल्लीत. गावाला मात्र शब्दकोश दिसत नाही. ११००० दिलेल्या घराला शेजारी ११ दिसतात, ५१ वाल्याला आपण महादानशूर झाल्याचं दिसतं, आणि सगळ्यांना मिळून एकच गोष्ट दिसते: पोट्ट्यानं घोळ केला.

यावर इलाज आहे, आणि पोट्ट्याला तो रात्री अकरा वाजता सापडतो. मशीनला सांगायचं, की हे अक्षर नाही, आकडा समज. मशीन मग प्रत्येक किमतीत शून्य मिळवून पाहतं आणि जे निघेल ते खरं धरतं. बेरीज मोठी न्यायाची वाटते, पण ती पहिला आकडा नसलेलं चिन्ह येईपर्यंतच वाचते. ज्यानं हौसेनं स्वल्पविराम देऊन ५,००१ असं लिहिलं त्याचे झाले पाच रुपये. ज्यानं आधी ‘रु.’ लिहून मग ५०१ लिहिलं त्याचं शून्य झालं. ज्यानं ५०१ लिहून मग ‘रु.’ लिहिलं तो वाचला. ज्यानं मराठीचा अभिमान बाळगून देवनागरी आकडे भरले त्याचं तर काही उरलंच नाही, कारण या बेरजेला फक्त इंग्रजी आकडे कळतात. या लेखातला कोणताही आकडा छापलाय तसा उचलून त्या रकान्यात टाकला, तर त्याची किंमत शून्य भरेल. लेखकानंही ते थोडं मनाला लावून घ्यायला हरकत नाही. आणि ज्या घरानं पैसे न देता एक पोतं गहू दिला, त्यांच्या रकान्यात पोट्ट्यानं प्रामाणिकपणे ‘एक पोतं गहू’ असंच लिहिलं होतं. तेही शून्य. सात दिवस गाव ज्या पोळ्या जेवलं, त्या पोळ्यांचा दाता यादीत ११ रुपयेवाल्याच्याही खाली.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हा पोट्टा अर्धवट शिकलेला आहे. पुण्याहून एखादा इंजिनिअर आणला तर हे सगळं एका तासात नीट होईल. होईल, यात शंका नाही. स्वल्पविराम काढून टाकायचे, आकडे सगळे एका लिपीत घ्यायचे, रुपयांचा रकाना आणि धान्याचा रकाना वेगळा करायचा, हे त्या इंजिनिअरला पाठ असतं. पण गव्हाच्या पोत्याची यादीतली जागा कोणती, हे तो कुठून आणणार? बाजारभावानं त्याचे रुपये करायचे म्हटलं तर कोणत्या दिवसाचा भाव, रिसोडचा की वाशिमचा? आणि ज्या माणसानं एक पैसा न देता सात दिवस भांडी घासली, त्याच्या रकान्यात काय लिहायचं? इंजिनिअर विनयानं विचारेल, ‘तुमची रिक्वायरमेंट काय आहे?’ मग समिती एकमेकांच्या तोंडाकडे पाहील. माझा मुद्दा एवढाच आहे, की पोट्ट्याची चूक बहुतेक वेळा हिशेबाची नसते. गावानं जो निर्णय कधीच घेतला नाही, तो निर्णय एका ओळीत लिहून दे असं मशीन त्याला म्हणतं, आणि त्याला तो लिहावा लागतो. कोणत्या रकान्याप्रमाणे लावायचं ते सांगितल्याशिवाय मशीन हलत नाही. गाव ते सांगितल्याशिवायच शेकडो वर्षं नीट चाललं होतं.

जुनी माणसं यावर एक आक्षेप घेतात, आणि तो वजनदार आहे. त्यांचं म्हणणं असं, की पूर्वी सप्ताहाची वही ज्याच्याकडे असायची, तो मास्तर असो की पोस्टमन, काल्याच्या दिवशी देणग्या वाचून दाखवायचा आणि कधी भांडण झालं नाही. हे खरं आहे. पण तो क्रम कसा लावायचा ते बारकाईनं पाहायला हवं. वहीत नोंदी आल्या त्या क्रमानं असत. वाचताना मात्र तो वहीकडे पाहून न वाचता मंडपाकडे पाहून वाचायचा. समोर बसलेल्या एखाद्या आबांचा चेहरा पडलेला दिसला की पुढची दोन पानं सोडून त्यांचं नाव आधी घ्यायचा. मोठ्या घरचं नाव आधी, मग मध्येच गरिबाचं नाव आवाज चढवून, म्हणजे टाळ्या त्यालाच जास्त. भांडी घासणाऱ्याचं नाव सगळ्यात शेवटी, पण नारळ देऊन. हा क्रम किमान चार निकषांवर लावलेला होता आणि त्यातला एकही त्यानं कधी कोणाला सांगितला नाही. कोणी विचारलंही नाही, कारण ऐकलेली यादी हवेत विरते. पडद्यावरची यादी विरत नाही. ती मोबाइलवर बोटानं मोठी करून पाहता येते, तिचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकता येतो. वहीवाल्याकडे असलेलं सगळं शहाणपण पोट्ट्याकडेही असू शकतं. पण मशीन मंडपाकडे पाहत नाही आणि त्याला चेहरे सांगता येत नाहीत.

या माणसाची खरी कसोटी मात्र सप्ताहात लागत नाही, ती वधू-वर सूचक मंडळाच्या वेबसाइटवर लागते. तिथे प्रत्येक पोस्ट म्हणजे कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी. पहिला पेच उंचीचा. पाच फूट नऊ इंच म्हणजे आपल्याकडे ५.९ आणि पाच फूट दहा इंच म्हणजे ५.१०. बायोडेटावर हे सगळ्यांना कळतं. मशीनला सांगितलं, की आकडा समजून उंच आधी लाव, की ५.१० चं होतं ५.१, आणि पाच फूट दहा इंचांचा गडी पाच फूट एक इंचाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. पोट्टा घाबरून दुसरी एक सूचना देऊन पाहतो. ती पूर्णांकच घेते, दशांश टाकून देते, म्हणून अख्ख्या समाजातली सगळी मुलं बरोबर पाच फुटांची होतात. यावर उपाय एकच, उंची इंचांत भरून घ्यायची, पण ‘मुलगा सत्तर इंच’ असं ऐकलं की मुलीच्या आजीला तो मुलगा आहे की टीव्ही हेच कळत नाही.

मग जन्मतारीख. ती दिवस-महिना-वर्ष अशी लिहायची आपली पद्धत. अक्षरांप्रमाणे लावली की आधी दिवस लागतो, वर्ष सगळ्यात शेवटी, म्हणजे वयाप्रमाणे लावलेल्या यादीत आजोबा आणि नातू शेजारी येऊ शकतात. त्यात आपल्याकडे गुरुजींची कृपा. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की १ जून लिहायचा जुना रिवाज, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्यांचा एक मोठा जथा यादीच्या डोक्यावर बसतो. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी साठवली की हा घोटाळा मुळापासून जातो. अक्षरांप्रमाणे लावा की आकड्यांप्रमाणे, क्रम तोच येतो. वर्डप्रेसवरची शहाणी अवजारं तारीख अशीच साठवतात आणि दाखवताना उलटून दाखवतात. शेतीच्या रकान्याचं दुखणं त्याहून खास आपलं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि शंभर आरचा हेक्टर होतो, म्हणून तिथला दशांश खरा दशांश असतो. बोलण्यात मात्र एकर-गुंठे चालतात, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर होतो. कोणी ५.२० लिहिलं, म्हणजे पाच एकर वीस गुंठे, म्हणजे साडेपाच एकर. मशीन त्याला साडेपाचाच्या ऐवजी पाच आणि एक पंचमांश धरतं. बारा गुंठे शेत कोणताही बांध न कोरता गेलं. भावाभावांत कोर्टकचेऱ्या याहून कमी जमिनीवर झाल्या आहेत.

पण हे झाले दुरुस्त होणारे रोग. या वेबसाइटवर दुसरीच एक गोष्ट उघडी पडते, आणि ती कोणत्याही उपायानं झाकत नाही. मुलीच्या बापाला विचारा, स्थळात काय पाहता? तो सांगेल, घराणं चांगलं हवं, मुलगा निर्व्यसनी हवा, बाकी काही नाही. निर्व्यसनी हा रकाना पोट्ट्यानं ठेवलेला असतो. त्यात सगळ्यांनी ‘होय’ भरलेलं असतं. ज्या रकान्यात सगळ्यांची किंमत एकच, त्याच्याप्रमाणे क्रम लावणं म्हणजे समुद्राच्या पाण्यातून खारट पाणी वेगळं काढणं. आणि तो लावा असं कोणी म्हणतही नाही. गाळ्यात खुर्ची ओढून बसल्यावर आवाज जरा खाली घेऊन जे वाक्य येतं ते हे: ‘पहिले पर्मनंट नोकरीवाले काढ बाप्पा, मग एकरं पाहू.’ सभेत सांगितलेला निकष आणि गाळ्यात सांगितलेला निकष यांतलं अंतर मोजायचं साधन गावात आजवर नव्हतं. आता आहे, आणि ते या पोट्ट्याच्या डोक्यात साठलेलं आहे. म्हणून तो फार बोलत नसतो. त्याचं मौन भिडस्तपणाचं आहे असं लोकांना वाटतं. मला ते वकिलाच्या किंवा डॉक्टरच्या मौनासारखं वाटतं.

या सगळ्यापेक्षा क्रूर प्रकार वेगळाच आहे, आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तो न दिसण्याचाच आहे. एकरांप्रमाणे क्रम लाव म्हटलं, की ज्यांच्या पोस्टला एकरांची चिठ्ठीच जोडलेली नाही ती पोस्ट खाली जात नाही, यादीतून उडूनच जाते. मशीन आधी दोन तक्ते जोडतं आणि जोडीला चिठ्ठी मिळाली नाही तर पोस्ट बाजूला ठेवतं. म्हणजे भूमिहीन माणूस शून्य एकरवाला ठरून तळाला बसत नाही. तो जन्मलाच नव्हता असं होतं. त्याचा बाप गाळ्यात येऊन विचारतो, ‘पोराचं नाव टाकलं होतं ना रे भाऊ?’ टाकलेलं असतं. वेबसाइटवर असतंही. फक्त क्रम लावला की नसतं. पोट्ट्याला यावर तोड माहीत आहे. ‘चिठ्ठी आहे’ आणि ‘चिठ्ठी नाही’ अशा दोन अटी ‘किंवा’नं जोडल्या की हरवलेली माणसं परत येतात. परत आली की मात्र त्यांना बसवायचं कुठे हा प्रश्न उरतो. चढत्या क्रमात रिकामी किंमत सगळ्यांच्या आधी येते, उतरत्या क्रमात सगळ्यांच्या शेवटी. ज्याच्याकडे काही नाही त्याला पहिला मान द्यायचा की शेवटचा, हा प्रश्न संतांनी सोडवून ठेवला आहे असं सप्ताहाचे महाराज सांगतात. वेबसाइटच्या मालकांचं मत अजून ठरायचं आहे.

सुशिक्षित माणसं इथे एक सोपा मार्ग सुचवतात: सरळ अकारविल्हे लावा, कोणाला तक्रारच नको. ज्याचं आडनाव ‘अ’नं सुरू होतं तो हे फार जोरानं सुचवतो. अकारविल्हेत कोणाची बाजू नसते हा समज वाशिम जिल्ह्यानं तरी बाळगू नये. १ जुलै १९९८ ला वाशिम अकोल्यातून वेगळा झाला, आणि तोवर जिल्ह्यांच्या यादीत पहिल्या ओळीवर असलेला हा मुलूख एका रात्रीत वर्ध्याच्या खाली, सांगलीच्या वर जाऊन बसला. स्वतःच्या घरातही तीच गत: कारंजा, मंगरूळपीर, मानोरा, मालेगाव, रिसोड आणि मग वाशिम. जिल्ह्याला ज्याचं नाव, तोच तालुका तळाला. शिवाय अकारविल्हे म्हणजे कोणती, हेही मशीनला सांगावंच लागतं. आपल्या मुळाक्षरांच्या तक्त्यात ळ, क्ष, ज्ञ शेवटी असतात. संगणकाच्या युनिकोड नावाच्या मांडणीत मात्र ळ हा ल च्या पाठोपाठ येतो, म्हणून काळे हे काशिदांच्या आधी जाऊन बसतात. आणि क्षीरसागर तक्त्याच्या टोकाला जायचे ते क च्या शेपटीला लटकतात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला तो ‘अंक’पासून, अनुस्वार आधी धरायचा हेही वाईला बसून कोणीतरी ठरवलंच असणार. तिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. इथे लॅमिनेशनचं मशीन आहे.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे काहीच न ठरवणं. पण काही न ठरवणं मशीनला मान्य नाही. त्याच्याकडे आपला एक रिवाज असतो. वर्डप्रेस न सांगता नवी पोस्ट आधी दाखवतं आणि एका पानावर दहा. बातम्यांना हे शोभतं. देणगीदारांना लावलं तर ज्यानं पहिल्या दिवशी, मांडवाला बांबू लागायच्या आत पैसे दिले तो शेवटच्या पानावर जातो, आणि ज्याच्या घरी तीनदा चकरा माराव्या लागल्या तो डोक्यावर. दुसरं पान म्हणजे दुसरी पंगत; भाजी तीच असते, पण कोणी आनंदानं बसत नाही. आणि रक्कम सारखी असली की तर आणखी बहार. ५०१ देणारे चाळीस असले तर त्यांच्यात आधी कोण, हे मशीन आपल्या सोयीनं ठरवतं, आणि दर वेळी तेच ठरवेल असं वचन देत नाही. पहिल्या पानावर दिसलेला माणूस दुसऱ्या पानावर पुन्हा दिसतो आणि कोणी एक दोन्ही पानांवर नसतो. २०१५ च्या आवृत्तीपासून एकामागून एक दोन-तीन रकान्यांवर क्रम लावायची सोपी सोय आली आहे: आधी रक्कम, मग वय, मग नाव. म्हणजे एका निर्णयाच्या जागी आता तीन निर्णय घ्यायचे.

ही अडचण फक्त खेड्याची आहे असं मात्र समजू नये. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रानं आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि आपला वाशिम असे चार जिल्हे घेतले. नीती आयोगानं ४९ निकष ठरवले, त्यांना वजनं दिली, आणि जिल्ह्यांची क्रमवारी लावली ती कोण कुठे आहे यावर नाही, तर कोण किती सुधारला यावर. हा फार विचारपूर्वक निवडलेला रकाना आहे. आज कुठे आहे ते पाहिलं तर मागासलेला तळाला राहणार. किती पुढे आला ते पाहिलं तर तोच एखाद्या महिन्यात वर येऊ शकतो. माहिती तीच, जिल्हे तेच, रकाना बदलला की हार कोणाच्या गळ्यात पडतो तेही बदलतं. आणि त्याहून जुना दाखला हवा असेल तर शेजारच्या मेहकर-लोणारकडे पाहावं, जिथे चक्रधरस्वामींचा वावर झाला. म्हाइंभटानं त्यांच्या लीळा जमवून लीळाचरित्रात काळाप्रमाणे लावल्या, एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध अशा. स्थानपोथीत त्याच फिरस्तीची नोंद स्थळाप्रमाणे लागली. महानुभावांनी दोन वेगळ्या गरजांसाठी दोन वेगळे क्रम ठेवले आणि दोन्हींना वेगळी नावं दिली. आपल्या पोट्ट्याकडून गावाला एकाच पानावर दोन्ही हवे असतात, आणि वरचं नाव प्रत्येकाला आपलंच हवं असतं.

याला उत्तर म्हणून काही जण बाजारभावाचं उदाहरण देतात: तिथे कसं, आकडा बोलतो, भांडण नाही. शेतकरी कंपनीच्या वेबसाइटवर २०२५-२६ चे हमीभाव टाका, सोयाबीन ५३२८, तूर ८०००. शेजारी त्या दिवसाचा हळदीचा पाच आकडी भाव टाका आणि जास्तीचा आधी लावा. रकाना अक्षरांचा राहिला असेल तर तूर वर, सोयाबीन मध्ये आणि हळद, जिच्यासाठी लोक वसमत-हिंगोलीपर्यंत गाड्या नेतात, ती तळाला. बरं, हे दुरुस्त केलं तरी भाव कमाल लावायचा, किमान की सरासरी? विकणाऱ्याला कमाल पाहायचा असतो, म्हणून तो खूश होऊन निघतो, आणि त्याच्या मालाला मिळतो त्याहून बराच कमी. आकडा बोलतो हे खरं, पण त्याला काय विचारलं तेवढंच तो बोलतो.

असे सगळे मार्ग बंद झाले की हा माणूस आपल्या धंद्यातली शेवटची युक्ती काढतो. वर्डप्रेसमध्ये क्रम लावायचा आणखी एक पर्याय आहे: कोणताही. पान उघडावं तेव्हा यादी पत्त्यांसारखी पिसून निघते. निकष नाही, रकाना नाही, ११००० वाला आज वर तर घटकेनं ११ वाला. तर्कानं पाहिलं तर ही यादीच नव्हे, पण गाव शांत होतं. जो तो आपलं नाव वर येईपर्यंत पान पुन्हा पुन्हा उघडतो, आलं की स्क्रीनशॉट मारतो आणि स्टेटसला ठेवतो. फक्त वेबसाइट हळू चालायला लागते, म्हणून पोट्टा एक काम करतो: पान एकदा तयार झालं की त्याची प्रत साठवून ठेवायची आणि दिवसभर तीच सगळ्यांना दाखवायची. या साठवणीला म्हणतात कॅश. त्या दिवशी पिसताना ज्याचं नाव वर आलं ते सकाळपासून रात्रीपर्यंत वरच राहतं. संध्याकाळी समितीतले आबा गाळ्यात येतात आणि ते एकच नाव दिवसभर वर कसं, असं विचारतात. पोट्टा मान वर न करता खरं ते सांगतो: ‘आबा, ते कॅशमुळं हाय.’

‘ते तर आमाले पहिलेपासूनच मालूम हाय,’ असं म्हणून आबा समाधानानं घरी जातात.